ऑपरेशनच्या दारातून परतलेली माणसे

वैद्यकीच्या विषयावर बोलणाऱ्याने आपला अधिकार प्रथम सांगावा, अशी रीत आहे. माझा अधिकार एवढाच की, कामगार संघटनेच्या कामात पुष्कळ वर्षे मी मस्टर वाचीत आलो आहे. मस्टरवर कोण आला आणि कोण आला नाही हे कळते. का आला नाही, हे कळत नाही. तेथे फक्त खाडा मांडलेला असतो. कारण हवे असेल तर त्या माणसाच्या घरी जाऊन ओट्यावर बसावे लागते, आणि चहा होईपर्यंत तो खरे सांगत नाही. मोठ्या दवाखान्यांच्या नोंदवह्याही पुष्कळशा अशाच असतात, हे मला फार उशिरा कळले.

वजन कमी करण्यासाठी जठरावर आणि आतड्यावर जी शस्त्रक्रिया करतात, तिच्यासाठी नाव घातलेली, तपासण्या करून घेतलेली माणसे शस्त्रक्रियेच्या आधीच का परत फिरतात, हा माझा विषय आहे. कापूस पिकविणाऱ्या आणि कर्जाने वाकलेल्या रोहण्यासारख्या गावात लठ्ठपणाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आकड्यांचे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील शंभरांपैकी चोवीस स्त्रिया आणि जवळजवळ तेवीस पुरुष प्रमाणापेक्षा अधिक वजनाचे आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हेच आकडे वीस-एकवीस आणि एकोणीस असे होते. उपासमार आणि लठ्ठपणा आज एका गावात, कधी कधी एका घरातही नांदतात. सरकारी धान्याच्या भात-पोळीवर, साखरेच्या चहावर आणि स्वस्त तेलात तळलेल्या पदार्थांवर वाढलेले वजन हे काही श्रीमंतीचे वजन नव्हे.

आपल्याकडे लोक या शस्त्रक्रियेला सरसकट ‘चरबीचे ऑपरेशन’ म्हणतात. तो समज प्रथम दूर केला पाहिजे. कातडीखालची चरबी ओढून काढणे हा वेगळा धंदा आहे. येथे जठर लहान करतात, किंवा अन्नाचा मार्ग आतड्यात वळवितात. त्यामुळे भूक कमी होते, अन्न थोडे जाते, आणि शरीरातील साखरेचा व्यवहारही पालटतो. ज्यांचा मधुमेह औषधांना दाद देत नाही अशा पुष्कळांची औषधे त्यानंतर कमी होतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या लठ्ठ रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. २००७ साली तिचा जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. तेव्हा दारातून परतणारा माणूस काहीतरी गमावून परततो, यात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की, ते त्याने गमावले की त्याच्याकडून गमावले गेले.

या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळची वाट करून देण्याची कल्पना मांडली. पुढच्या वीस वर्षांत तशा शस्त्रक्रिया पुष्कळ झाल्या. वजन उतरले, पण त्याबरोबर न थांबणारे जुलाब, मूत्रखडे, सांधेदुखी आणि काही जणांत यकृत निकामी होणे हेही आले. १९८० च्या सुमारास ती पद्धत जवळजवळ सोडून देण्यात आली. मधल्या काळात, १९६६ साली, आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी दुसरा मार्ग काढला होता. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुन्हा सहजासहजी वाढत नाही, या निरीक्षणावरून त्यांनी जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडली. १९९४ मध्ये विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी हीच शस्त्रक्रिया पोट न फाडता, दुर्बिणीने केल्याचे प्रसिद्ध केले, आणि तेथून तिचा प्रसार वेगाने झाला.

आता या इतिहासाकडे परतणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहा. साठीच्या दशकात ज्याला पहिल्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेसाठी बोलावले होते आणि जो ऐन वेळी घरी निघून गेला, त्याच्या नावापुढे डॉक्टरांनी काय लिहिले असेल? भित्रा, अडाणी, मन खंबीर नसलेला. पुढची वीस वर्षे पाहिली तर तो माणूस यकृत शाबूत ठेवून गेला, असेच म्हणावे लागते. सगळे परतणारे शहाणे असतात असे मला म्हणायचे नाही. पण परतणे म्हणजे आपोआप मूर्खपणा, हे समीकरण इतिहासात टिकत नाही.

याहून गमतीची गोष्ट पुढे घडली. जठराचा मोठा भाग कापून उरलेल्या भागाची नळी करायची, जिला आज ‘स्लीव्ह’ म्हणतात, ती आरंभी स्वतंत्र शस्त्रक्रिया नव्हतीच. ती एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती. अतिशय वजनदार रुग्णांना सगळे एकदम सोसणार नाही, म्हणून २००० च्या सुमारास काही शल्यवैद्यांनी आधी नळी करावी, वजन थोडे उतरले की दुसरा टप्पा करावा, असे ठरविले. त्यातले काही रुग्ण दुसऱ्या टप्प्यासाठी आलेच नाहीत. त्यांचे वजन पहिल्याच टप्प्यात पुरेसे उतरले होते! आज जगात वजनासाठी सर्वांत अधिक होणारी शस्त्रक्रिया हीच आहे. न आलेल्या माणसांकडे कोणीतरी ‘चुकार’ म्हणून न पाहता नीट पाहिले, म्हणून ती उभी राहिली.

आपल्याकडे या शस्त्रक्रिया गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या आरंभी मुंबई-पुण्याकडे रुजल्या. विदर्भातल्या सामान्य माणसाच्या कानावर हे नाव बहुधा २०११ साली पडले. त्या वर्षी नागपूरचे नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती लपविली नाही. पुढाऱ्याने केले म्हणजे ते पुढाऱ्याला परवडणारे, असाही अर्थ गावात निघाला, आणि तो अगदीच चुकीचा होता असे नाही. २०१७ साली मात्र दोन गोष्टी अशा घडल्या की ज्यांनी या विषयाची भीती आणि लाज दोन्ही वाढविल्या. फेब्रुवारीत ईमान अहमद या इजिप्तच्या अतिशय वजनदार स्त्रीला मालवाहू विमानाने मुंबईला आणले. मार्चमध्ये सैफी इस्पितळात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात तिला अबुधाबीला हलविले, आणि सप्टेंबरमध्ये तेथे तिचा मृत्यू झाला. तिला अनेक व्याधी होत्या, तिचा प्रसंग हजारांत एक म्हणावा असा होता, आणि मृत्यू शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी झाला. पण पारावर एवढेच वाक्य उरले, “ती बाई मेली.” वस्तुतः अनुभवी ठिकाणी या शस्त्रक्रियेत महिन्याभरात दगावणारे हजारात एक ते तीन असतात. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या आसपासचा हा आकडा आहे. तो पारापर्यंत कधी पोचला नाही.

दुसरी गोष्ट त्याच फेब्रुवारीतली. मध्य प्रदेशातील एका लठ्ठ पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र एका नामवंत लेखिकेने थट्टेखातर जगापुढे मांडले. आपला आजार चेष्टेचा विषय झाल्याचे दुःख त्या गृहस्थाने बोलून दाखविले आणि नंतर त्याच्यावर मुंबईत शस्त्रक्रियाही झाली. त्याला निदान उपचार मिळाला. त्याच्यासारख्या शेकडो जणांना त्या चित्रातून मिळाला तो एवढाच धडा की, लठ्ठ माणसाने चारचौघांत दिसू नये. आपल्या परंपरेतही हा दोष आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंदित शरीरांचा जो अध्याय आहे, त्यात अतिस्थूल मनुष्य आहे. अतिकृशही आहे, पण दोहोंत कृश बरा, असा निवाडा दिलेला आहे. वैद्याने आजाराला निंदेच्या यादीत घातल्यावर रुग्णाने त्याच्या दारी किती धीटपणे जावे? ज्याला टायफॉइड झाला तो सांगतो, मला टायफॉइड झाला. ज्याचे वजन एकशे वीस किलो आहे तो सांगतो, माझेच खाण्यावर नियंत्रण नाही. जो आजार आपल्याच चुकीने झाला असे माणसाला वाटते, त्याच्या उपचारासाठी तो घरच्यांकडे पैसे मागायला धजत नाही.

म्हणून या शस्त्रक्रियेची तुलना तातडीच्या शस्त्रक्रियेशी करून चालत नाही. १९२४ च्या जानेवारीत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला. १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात करावा लागला. पाश्चात्त्य वैद्यकावर ज्यांनी एवढी टीका केली होती त्या गांधीजींनीही काही तासांत संमतीवर सही केली, कारण वेदना आणि मृत्यू दाराशी उभे होते. लठ्ठपणात दाराशी कोणी उभे नसते. गुडघा आज दुखतो तसा काल दुखत होता. साखर आज चढलेली आहे तशी गेल्या पोळ्यालाही होती. येथे वेदना माणसाला पुढे ढकलीत नाही. त्याला स्वतःच्या पायांनी सहा महिने चालायचे असते, आणि वाटेत प्रत्येक मैलावर परतायची सोय असते.

ही वाट एवढी लांब का झाली, याचाही इतिहास आहे. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवून नियम घातले. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो अंक येतो तो ४० च्या पुढे असावा, किंवा गंभीर व्याधी सोबत असल्यास ३५ च्या पुढे असावा; आणि रुग्णाला फिजिशियन, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ अशा मंडळींनी मिळून पारखावे. हेतू चांगला होता. जुन्या शस्त्रक्रियेचे चटके ताजे होते. पण चांगल्या हेतूने बसविलेल्या दरवाजावर पुढे पहारेकरी निराळेच बसले. अमेरिकेतील अनेक विमा कंपन्यांनी अट घातली की, आधी सहा महिने देखरेखीखाली आहारनियमन करा, मग पैसे देऊ. या अटीला शास्त्राचा आधार नाही आणि तिने रुग्ण गळतात, असे तेथील शल्यवैद्यांच्या संघटनेने २०१६ साली स्पष्ट शब्दांत जाहीर केले. वजनाच्या बाबतीत विमा कंपन्यांचा हात काही नवा नाही. ‘आदर्श वजनाचे’ जे तक्ते डॉक्टरांच्या भिंतीवर लागत असत, ते १९४३ आणि १९५९ मध्ये मेट्रोपॉलिटन या अमेरिकन आयुर्विमा कंपनीनेच काढले होते. जाड कोण हे ठरविणाराही विमेवाला, आणि जाडाला दार उघडणाराही तोच!

भारतातही २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने जे प्रमाणित कलम केले त्यात ४० चा अंक आला, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार अथवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी एक. परंतु भारतीय शरीरात कमी वजनालाच मधुमेह जडतो, म्हणून आपल्याकडील शल्यवैद्य ३७.५ आणि व्याधी असल्यास ३२.५ हे अंक मानीत आले. हिशेब करून पाहा. एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंचीची बाई, वजन ऐंशी किलो, मधुमेह हाताबाहेर गेलेला. तिचा अंक ३३.३ येतो. डॉक्टर म्हणतात, तुम्ही पात्र आहात. विम्याचे कलम म्हणते, चौऱ्याऐंशी किलो भरल्यावर या! अशी बाई घरी परतली तर तिची नोंद ‘रुग्णाने नकार दिला’ अशी व्हावी काय?

आता वाटेचा हिशेब मांडू. रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, सोनोग्राफी, दुर्बिणीने जठराची पाहणी, हृदयाचा आलेख, फुफ्फुसांची तपासणी, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, भूल देणारे डॉक्टर; मग शेवटचे दोन आठवडे बहुधा पातळ आहार, यकृत आकसून शस्त्रक्रिया सोपी व्हावी म्हणून. मुंबईत राहणाऱ्याला यातले निम्मे एका इमारतीत आणि दोन दिवसांत होईल. रोहण्याच्या माणसाने काय करावे? पूर्वी पुलगाव-आर्वीची छोटी रेल्वे रोहण्यावरून जात असे. ती बंद पडली. आता एस. टी.ने पुलगाव किंवा आर्वी, तेथून वर्धा, आणि तज्ज्ञ नागपूरला असेल तर वर्ध्याहून पुढे. सकाळी निघालेला माणूस रात्री परततो. हा एक खाडा. सोबत जाणाऱ्याचा दुसरा खाडा. शस्त्रक्रियेपूर्वी अशा आठ फेऱ्या म्हटल्या तर दोन माणसांच्या सोळा दिवसांची मजुरी बुडाली, आणि अजून चाकूला कोणी हात लावलेला नाही. त्यातही कापसाच्या मुलखात एक पेच आहे जो शहरातल्या डॉक्टरांच्या ध्यानी येत नाही. हंगामात हातात पैसा असतो तेव्हा सवड नसते, आणि सवड असते तेव्हा पैसा नसतो. वेचणीच्या दिवसांत पातळ आहारावर राहून कोणती बाई कापूस वेचील?

येथे आमच्या चळवळीचा संबंध येतो. आजारात मजुरी बुडू नये म्हणूनच कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली झाला. महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत ही योजना सर्वांत आधी नागपूरला, १९५४ च्या जुलैत आली, मुंबईच्याही आधी. वर्षाला एक्याण्णव दिवसांपर्यंत आजारपणाचा भत्ता मिळे, आणि पुढे त्याचा दर मजुरीच्या सत्तर टक्क्यांपर्यंत आला. मी या योजनेवर जन्मभर टीका केली, पण तिच्यामागचा विचार मोठा आहे. दवाखाना फुकट असून भागत नाही, दवाखान्यात घालविलेला दिवसही भरून द्यावा लागतो, हे त्या कायद्याने ओळखले. पण त्याच कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग नावानिशी घातले. वर्धा जिल्ह्यातला कारखाना म्हणजे मुख्यतः जिनिंग! पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्यांतील कामगारांना जे मिळाले ते रेच्यावर सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्यांना त्या कायद्याने मिळाले नाही. शेतमजुराचा तर तेथे उल्लेखच नव्हता.

कोणी म्हणेल, सगळे पैशाचेच रडगाणे आहे. शस्त्रक्रिया फुकट करा म्हणजे झाले. तसे होत नाही, याचा पुरावा कॅनडात आहे. तेथील ऑन्टॅरिओ प्रांतात ही शस्त्रक्रिया सरकारी विम्यातून, रुग्णाला बिल न देता होते. २००९ च्या सुमारास तेथे त्यासाठी खास इस्पितळांचे जाळेही उभारले. तरीही पाठविलेल्यांपैकी फार मोठा हिस्सा, काही ठिकाणी निम्म्याच्या आसपास, टेबलापर्यंत पोचत नाही, असे तेथील डॉक्टरांनीच लिहून ठेवले आहे. बहुतेकांना डॉक्टरांनी नाकारलेले नसते, ते आपणहून गळतात. कोणाला नोकरीतून रजा नाही, कोणाचे घर दूर, कोणाचे मन मध्येच उदास झाले, कोणाला भेटींची संख्याच जड झाली. शस्त्रक्रिया फुकट असली म्हणून वाट फुकट होत नाही.

अशा गळणाऱ्या माणसांना वैद्यकात फार काळ एक शब्द होता, ‘डिफॉल्टर’. हा शब्द आपल्याला सोसायटीच्या नोटिशीमुळे चांगला ठाऊक आहे, थकबाकीदार! क्षयाच्या नोंदवह्यांत औषध सोडणाऱ्याला हाच शब्द लावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली तो काढून ‘संपर्क तुटलेला’ अशा अर्थाचा शब्द घातला, म्हणजे शब्द बदलायला अर्धे शतक लागले. खरी गोष्ट मात्र १९६३ सालीच कळली होती. देबबर बॅनर्जी आणि अँडरसन यांनी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात पाहणी केली. क्षयरोगी अडाणी असतात, खोकला अंगावर काढतात, दवाखान्यात येत नाहीत, असा तेव्हा पक्का समज होता. आढळले ते उलट. निम्म्याहून अधिक रुग्ण स्वतः होऊन सरकारी दवाखान्यांत गेलेले होते, आणि तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविले होते. रुग्णाने दवाखाना सोडण्यापूर्वी दवाखान्याने रुग्णाला सोडले होते.

आणि हे पटण्यासाठी कर्नाटकात जायचीही गरज नाही. आपल्या वर्धा जिल्ह्याने हा धडा कुष्ठरोगात गिरविलेला आहे. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली महारोग्यांच्या सेवेचे काम आरंभिले. पुढे पन्नाशीच्या आरंभी गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे काम वर्ध्याहून सुरू झाले, आणि डॉ. वार्देकरांनी गावोगाव जाऊन पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार एकत्र करण्याची पद्धत बसविली. औषध होते डॅप्सोन. ते वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्यावे लागे. चट्टा बधिर आहे, दुखत नाही, शेतीची कामे खोळंबली आहेत. अशा माणसाने दहा वर्षे गोळ्या खाव्यात, ही अपेक्षा होती. पुष्कळांनी सोडल्या, आणि त्यांना पुष्कळ बोल लागले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे मिळून द्यावयाची पद्धत सांगितली. सौम्य रोगाला सहा महिने, तीव्र रोगाला निदान दोन वर्षे. ती भारतात सर्वांत आधी ज्या दोन जिल्ह्यांत जिल्हाभर लागू झाली त्यांत वर्धा होता. दुसरा बंगालचा पुरुलिया. महिन्याची मात्रा समोर द्यायची, म्हणून ठरल्या दिवशी औषधवालाच गावात येऊ लागला. माणसे तीच होती, शेती तीच, अडाणीपणाही म्हणाल तर तोच. पण वाट आखूड झाली, दवाखाना जवळ आला, आणि उपचार पुरे करणारे वाढले. ज्यांना आपण बेफिकीर म्हणत होतो ते एका दशकात सुधारले, असे म्हणायचे काय?

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने ऐंशीच्या दशकात ज्वारीच्या वर्गणीवर जी आरोग्यविम्याची योजना चालविली, तिचाही येथे उल्लेख केला पाहिजे. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने गावकरी सुगीच्या वेळी ऐपतीप्रमाणे ज्वारी देत आणि वर्षभर त्यावर उपचार मिळत. पैसा असतो तेव्हाच वर्गणी घ्यायची, हे शहाणपण शेतकऱ्याचे आहे. पण त्या योजनेतही अचानक आलेल्या आजाराला उपचार मोफत आणि आधी ठाऊक असलेल्याला, म्हणजे मोतीबिंदू, हर्निया यांना, फक्त सवलत असे. मर्यादित पैशात तो नियम समजण्यासारखा आहे. तरी त्यातून एवढे दिसते की, जेथे माणसे मनाने चांगली आहेत तेथेही ‘थांबू शकणारा’ रुग्ण दुसऱ्या रांगेत उभा असतो.

माझ्या ओळखीच्या एका अंगणवाडी सेविकेचे उदाहरण सांगतो. चाळिशी उलटलेली, मधुमेह, गुडघे गेलेले, रात्री झोपेत घुसमट. एका मोठ्या शहरातील दवाखान्यात तिला ही शस्त्रक्रिया सुचविली. ती चार वेळा गेली. पाचव्या वेळी मानसतज्ज्ञ रजेवर होते, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. ती गेली नाही. अंगणवाडी सेविकेला पगार नसतो, मानधन असते; ती सरकारच्या लेखी कामगार नाही, म्हणून आजारभत्ताही नाही. घरी सासू म्हणाली, धडधाकट बाईने पोट कापून घ्यायचे कशाला? नवरा काही म्हणाला नाही, आणि तेही एक म्हणणेच असते. आयुष्यभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि दर वर्षी तपासणी, हे ऐकून थोरल्या मुलाने मोबाइलवर हिशेब करून दाखविला. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “मले आपरेशनचं भेव नव्हतं भाऊ. चकरा मारू मारूच थकली मी.” तिचे सगळे कागद अजून एका प्लास्टिकच्या पिशवीत, ट्रंकेच्या मागे आहेत. दवाखान्यातून तिला त्यानंतर एकही फोन आला नाही.

घरच्यांचा विरोध हे कारण डॉक्टर मंडळी पुष्कळदा सांगतात. ते खरे आहे, पण अर्धे. घरचे विरोध करतात कारण त्यांना कोणी विचारलेले, सांगितलेले नसते. बाईने लठ्ठ असणे घराला गैरसोयीचे नसते. ती तशीच स्वयंपाक करते. तिने तीन आठवडे आडवे पडणे मात्र गैरसोयीचे असते. पुरुषाच्या बाबतीत उलट होते. त्याची मजुरी बुडेल म्हणून बायकोच धास्तावते. मार्च आणि जून २०२५ मध्ये वजन उतरविणारी दोन नवी इंजेक्शने भारताच्या बाजारात आली, तेव्हापासून ‘थांबून पाहू’ म्हणणाऱ्यांची त्यात भर पडली आहे. त्यांना मी दोष देणार नाही. औषधाने भागत असेल तर पोट कोणी का कापावे? मात्र इंजेक्शन आठवड्याला एक असे दीर्घकाळ घ्यावे लागते, आणि बंद केल्यावर वजन बहुधा परत चढते. दर आठवड्याचा तो खर्च ज्याला झेपत नाही, त्याला शस्त्रक्रियेची वाटच मोकळी ठेवावी लागेल.

काय करता येईल हे ठरविणे डॉक्टरांचे काम आहे. पण काही गोष्टी मस्टर वाचणाऱ्यालाही दिसतात. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी आणि हृदयाचा आलेख यांसाठी रोहण्याच्या माणसाने नागपूर गाठण्याचे कारण नाही. ही कामे जिल्ह्यातच, एका दिवशी होण्यासारखी आहेत. आहारतज्ज्ञाशी बोलणे फोनवरही होते. ठरल्या दिवशी माणूस आला नाही तर कुष्ठरोगाच्या कार्यकर्त्याप्रमाणे कोणीतरी त्याच्या घरी जावे, निदान फोन करावा, आणि फोनवर “का आला नाहीत?” असे न विचारता “कोणता दिवस सोयीचा पडेल?” असे विचारावे. आणि नोंदवहीत खाड्याच्या पुढे एक रकाना आखावा. त्या रकान्यात काय लिहायचे ते रुग्ण सांगेल. त्या सेविकेला मी पुढच्या वेळी सोबत येतो म्हणून सांगितले आहे. तिने दिवाळीनंतरचा, मानधन जमा झाल्यावरचा दिवस मागितला आहे.